ॲड्रिनलच्या गाठीचे ऑपरेशन: रोबोटआधीचे चौदा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरज रस्त्यावर काय किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्याच्या आसपास काय, 'रोबोटिक शस्त्रक्रिया' असे मोठ्या अक्षरांतले फलक आता नवे राहिलेले नाहीत. यंत्र चांगले आहे. ज्या ऑपरेशनात त्याचा उपयोग होतो, तिथे तो खरोखर होतो. पण ॲड्रिनल ग्रंथीची गाठ निघालेला रुग्ण आणि त्याचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ''डॉक्टर, तुमच्याकडे रोबोट आहे का?'' हा प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा. त्याआधीचे प्रश्न राहून गेले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

ॲड्रिनल ग्रंथी दोन असतात, प्रत्येक किडनीच्या डोक्यावर एक. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन येतात, आतल्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन. रक्तदाब, रक्तातली साखर, अंगातले मीठ-पाणी, आजारपणात तग धरण्याची ताकद हे सगळे या दोन चिमुकल्या ग्रंथींवर अवलंबून असते. गाठ बहुतेक वेळा योगायोगाने सापडते. मुतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी सीटी स्कॅन काढला जातो आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत 'डाव्या ॲड्रिनलमध्ये २.८ सेंमीची गाठ' असे लिहून येते. प्रौढांच्या शंभर सीटी स्कॅनमध्ये तीन-चार जणांत अशी गाठ दिसते. घरात रडारड सुरू होते आणि कोणीतरी लगेच पुण्याची गाडी ठरवते.

यातल्या बहुतेक गाठींना हात लावायची गरजच नसते. कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सीटीत गाठीची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. हा आकडा १० किंवा त्याहून कमी असेल आणि गाठ सगळीकडे एकसारखी दिसत असेल, तर ती चरबीयुक्त, निरुपद्रवी गाठ असते. ती हार्मोनही जास्त बनवत नसेल तर तिला तिथेच राहू द्यावे. अहवालात हा आकडा नसेल तर रेडिओलॉजिस्टला विचारून लिहून घ्यावा. त्याला दोन मिनिटे लागतात आणि कित्येकांचे ऑपरेशन त्यावरच टळते.

मात्र 'हार्मोन जास्त बनवत नसेल तर' ही अट तपासल्याशिवाय सुटत नाही, आणि गडबड होते ती इथेच. तपासण्या तीन आहेत.

पहिली मेटानेफ्रिनची, म्हणजे ॲड्रिनॅलिन मोडून तयार होणाऱ्या पदार्थांची. फिओक्रोमोसायटोमा, थोडक्यात फिओ, म्हणजे ॲड्रिनॅलिन-नॉरॲड्रिनॅलिन ओतणारी गाठ. ती आहे का, हे यातून कळते. रक्त घेण्याआधी रुग्णाला किमान वीस-तीस मिनिटे शांत आडवे ठेवावे लागते. खुर्चीत बसवून, घाईत सुई टोचून घेतलेल्या रक्तात आकडा उगाच वाढलेला येतो. रक्ताऐवजी २४ तासांची लघवी गोळा केली तरी चालते, पण सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी, एकही वेळ न चुकवता, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये घ्यायची. कॅनमध्ये आधीच ॲसिड असते. ते ओतून टाकू नये आणि अंगावरही उडू देऊ नये. झोपेसाठी वा डोकेदुखीसाठी ॲमिट्रिप्टिलिन चालू असेल तर तसे सांगावे, त्याने निकाल बिघडतो.

दुसरी कॉर्टिसॉलची. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी घ्यायची आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्त द्यायचे. कॉर्टिसॉल डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या वर राहिले तर गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल बनवत असल्याचा संशय घ्यायचा. इथे आपल्या भागातली एक अडचण आहे. गुडघेदुखीवर, दम्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्या घेणाऱ्याचा चेहरा गोल होतो, पोट सुटते, कातडी पातळ होते, आणि हे सगळे गाठीच्या माथी मारले जाते. अशी पुडी, इंजेक्शन, मलम किंवा फवारा काहीही चालू असेल तर लपवू नये. गर्भनिरोधक गोळ्यांनीही हा आकडा वर जातो.

तिसरी तपासणी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉन बनवायला लावणारा, किडनीतून येणारा पदार्थ) यांच्या प्रमाणाची. बी.पी. असलेल्या किंवा पोटॅशियम कमी असलेल्या प्रत्येक रुग्णाची ती करायची. आधी पोटॅशियम भरून काढायचे आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चार आठवडे थांबवायचे.

हे नमुने इथून पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये जातात आणि वाटेत खराब होतात, तेही एका साध्या चुकीमुळे. मेटानेफ्रिनचे रक्त थंड ठेवावे लागते. ते लगेच बर्फावर ठेवून, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा काढायचा. रेनिनचे मात्र उलट. ते प्लाझ्मा गोठवेपर्यंत खोलीच्या तापमानालाच ठेवायचे असते. बर्फावर ठेवले तर रक्तातले सुप्त रेनिन जागे होते, आकडा खोटा वाढतो आणि आजार असूनही अहवाल 'नॉर्मल' येतो. दोन्ही ट्यूब एकाच बर्फाच्या डब्यात टाकल्या की एक तपासणी हमखास फुकट गेली. रक्त घेणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. कलेक्शन सेंटर चालवणाऱ्यांनी एवढी एक ओळ भिंतीवर लिहून लावावी, ही कळकळीची विनंती.

आणि गाठीत सुई घालून तुकडा काढायची घाई कोणी करू नये. फिओ नाही याची खात्री होण्याआधी घातलेली सुई रुग्णाचे बी.पी. टेबलावरच अडीचशेच्या पुढे नेऊ शकते.

आता मथळ्यातल्या चौदा दिवसांकडे वळतो. गाठ फिओ निघाली तर ऑपरेशनआधी सात ते चौदा दिवस अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, गोळ्या द्याव्याच लागतात. फेनॉक्सिबेन्झामिन मिळाले तर १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्यायचे. नाहीतर प्राझोसिन किंवा डॉक्साझोसिन. प्राझोसिनचा पहिला डोस रात्री, अंथरुणावर पडताना घ्यायचा, कारण त्यानंतर उठून उभे राहिले की घेरी येऊन पडायला होते. नाक चोंदणे आणि उभे राहताना किंचित गरगरणे ही गोळी लागू पडत असल्याची खूण आहे. त्याला घाबरून रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतात. तसे करू नये. बसलेल्या स्थितीत बी.पी. १३०/८० च्या खाली यावे, उभे राहिल्यावर वरचा आकडा ९० च्या खाली जाऊ नये, आणि नाडी बसल्यावर ६० ते ७०, उभ्याने ७० ते ८० असावी. हे मोजायला पुण्याला जायला नको. घरचे बी.पी.चे यंत्र, एक वही आणि सकाळ-संध्याकाळ बसून व उभे राहून असे दोन-दोन आकडे, एवढ्यावर काम होते.

या काळात मीठ आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त घ्यायचे असते. घरचे लोक अडतात ते इथे. इतकी वर्षे 'बी.पी. आहे, अळणी खा' असे ऐकलेले असते, आणि आता डॉक्टर म्हणतात मीठ घातलेले ताक प्या, लोणचे-पापड खा. कारण असे की ॲड्रिनॅलिनच्या माऱ्याने रक्तवाहिन्या महिनोन्‌महिने आवळलेल्या असतात आणि अंगातले रक्ताचे एकूण प्रमाण घटलेले असते. गोळ्यांनी वाहिन्या सैल झाल्या की आत भरायला पाणी हवे. ते भरले नाही तर गाठ निघाल्याक्षणी बी.पी. कोसळते. फक्त हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांनी किती प्यायचे ते विचारून घ्यावे.

सर्वात मोठा घोटाळा धडधडीच्या गोळीचा. डोके ठणकते, दरदरून घाम येतो, छाती धडधडते म्हणून रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि त्याला प्रोप्रानोलॉल किंवा अटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर मिळते. साध्या धडधडीत ते बरोबरच आहे. पण फिओमध्ये अल्फा ब्लॉकर सुरू नसताना बीटा ब्लॉकर दिले, की वाहिन्या सैल करणारा एक मार्ग बंद होतो आणि आवळणारा मार्ग मोकळा राहतो. बी.पी. भडकते, फुफ्फुसात पाणी भरू शकते. आधी अल्फा, निदान तीन-चार दिवस. मग नाडी जलद राहिली तरच बीटा. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शनही या रुग्णांना चालत नाही. जत, आटपाडी, खटाव, माण भागात दवाखाने चालवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर तेवढ्यानेच जीव वाचतील.

एवढी तयारी झाली की रोबोटचा विषय काढावा.

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलमध्ये डोके घालून बसतो, त्याला गाठ त्रिमितीत आणि मोठी दिसते, आणि त्याच्या बोटांच्या हालचाली रुग्णाजवळच्या यंत्राचे हात हुबेहूब करतात. दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशनात अवजार सरळ काठीसारखे असते. इथे त्याला मनगट असते, म्हणून अडचणीच्या जागी टोक वळवता येते आणि हाताचा कंप गाळला जातो. अमेरिकेत दा विंची यंत्राला २००० मध्ये परवानगी मिळाली आणि वर्षभरात त्यावर ॲड्रिनल काढल्याचे अहवाल आले. आता गुरुग्रामचे एसएसआय मंत्रा हे भारतीय यंत्रही वापरात आहे.

रुग्णाला कुशीवर झोपवतात, गाठीची बाजू वर, कमरेखाली टेबल किंचित मोडून बरगड्या आणि कंबर यांतली जागा फाकवतात. पोटात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ मिमी दाबाने भरतात. फिओच्या रुग्णात कमी दाबावर भागले तर जास्त बरे, कारण गॅसनेही बी.पी. चढते. बरगडीखाली सुमारे आठ मिलिमीटरची तीन-चार छिद्रे आणि सहायकासाठी एक. मग यंत्राचे हात जोडायचे.

उजवीकडे यकृत सोडवून वर उचलायचे, ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) बाजूला घ्यायचे, की अधोमहाशीर, म्हणजे पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी सर्वात मोठी शीर, दिसते. उजव्या ॲड्रिनलची शीर थेट तिलाच मिळते आणि तिची लांबी जेमतेम काही मिलिमीटर, फार तर एक सेंटिमीटर. या ऑपरेशनातली सगळी भीती त्या सेंटिमीटरभर जागेत आहे. क्लिपा लावायच्या, दोन महाशिरेच्या बाजूला आणि एक गाठीच्या बाजूला, आणि मग कापायचे. क्लिप तिरकी बसली किंवा शीर ओढली गेली तर ती महाशिरेच्या भिंतीसकट फाटते. डावीकडे शीर दोन-तीन सेंटिमीटर लांब असते, डायफ्रॅमच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) खालच्या शिरेला घेऊन किडनीच्या शिरेत उतरते, म्हणून तिथे श्वास घ्यायला थोडी उसंत मिळते. पण प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूट बाजूला फिरवावे लागते. तिथे घाई झाली तर प्लीहा फाटते, नाहीतर स्वादुपिंडाचा रस आठवडेच्या आठवडे नळीतून येत राहतो. किडनीच्या वरच्या टोकाला जाणारी छोटी धमनी ॲड्रिनलचीच समजून कापली जाण्याचा धोका दोन्ही बाजूंना असतो. डायफ्रॅमला बारीक भोक पडले तर गॅस छातीत शिरतो आणि ते पहिल्यांदा भूलतज्ज्ञाला कळते, कारण श्वासनळीतला दाब एकाएकी वाढतो.

ग्रंथीला चिमट्यात धरायचे नाही, हा नियम रोबोट असो वा नसो, एकच. ती लोण्यासारखी मऊ असते. धरली की फुटते, रक्त येते. फिओ किंवा कॅन्सर असेल तर तिच्या पेशी पोटभर सांडतात आणि काही वर्षांनी त्या उगवून येतात. भोवतीची चरबी धरून, चरबीसकट ती सोडवायची, पिशवीत घालायची आणि एक छिद्र वाढवून पिशवीतूनच बाहेर काढायची. बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटांना ओढ जाणवत नाही, किती ओढले जाते आहे ते डोळ्यांनीच ओळखावे लागते. म्हणून हा नियम रोबोटवर अधिक कडक पाळायचा.

पाठीकडूनही जाता येते. रुग्णाला पालथे झोपवून बाराव्या बरगडीखालून, पोटाची पोकळी न उघडता. तिथे गॅसचा दाब २० ते २५ मिमी ठेवतात. आधी पोटाची ऑपरेशने झालेल्यांना आणि दोन्ही ग्रंथींवर काम असलेल्यांना ही वाट सोयीची पडते. जागा अरुंद असल्याने मोठ्या गाठीला ती चालत नाही.

भूलतज्ज्ञाच्या बाजूने चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत, त्या फलकावर कधी येत नाहीत. यंत्राचे हात जोडले की रुग्णाचा दंड, मान, छाती हाताला लागत नाही. म्हणून मनगटाच्या धमनीतली नळी आणि मानेतल्या शिरेतली नळी आधीच, सावकाश, बसवून घ्यावी लागते. फिओमध्ये धमनीतली नळी भूल देण्याआधीच असावी, कारण श्वासनळीत ट्यूब घालण्याच्या क्षणीही बी.पी. उसळते. अवजारे छिद्रांतून आत असताना रुग्ण खोकला किंवा हलला तर आतले काहीही फाटू शकते. स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधात कसर चालत नाही. आणि टेबल यंत्राशी जोडलेले नसेल तर हात सोडवल्याशिवाय ते हलवायचे नाही.

गाठीला हात लागला की बी.पी. २०० च्या पुढे जाते. तेव्हा सर्जनला ''थांबा'' म्हणायचे आणि त्याने खरोखर थांबायचे. सोडियम नायट्रोप्रुसाइड, मॅग्नेशियम, एस्मोलॉल हे सिरिंज पंपात भरून तयार हवे. शीर बांधली की चित्र मिनिटभरात उलटते, ॲड्रिनॅलिनचा पुरवठा तुटतो आणि बी.पी. खाली येते. मग सलाईन, नॉरॲड्रिनॅलिन, वेळ पडली तर व्हॅसोप्रेसिन. सर्जन कन्सोलमध्ये डोके खुपसून बसलेला, त्याचा आवाज माइकमधून येतो. ''शीर क्लिप करतो आहे'' हे त्याने मोठ्याने बोलायचे आणि भूलतज्ज्ञाने ''ऐकले'' म्हणायचे. एवढा साधा संवाद ठरलेला नसला तर चढ उतरवणारे औषध चालू असतानाच उतार सुरू होतो.

रक्तस्राव झालाच तर कापसाच्या पट्टीने दाबून धरायचे, गॅसचा दाब वाढवायचा, शांतपणे टाका घालायचा. जमले नाही तर यंत्राचे हात सोडवून पोट उघडायचे. हात सोडवायला एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत, आणि ही कवायत संबंधित चमूने आधी केलेली असावी. पोट उघडण्याची अवजारे त्याच खोलीत मांडलेली असावीत. दुसऱ्या मजल्यावरून आणायची असतील तर त्यांचा उपयोग नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी हे विचारायला लाजू नये.

मग रोबोटने फरक किती पडतो? दुर्बिणीतून ॲड्रिनल काढल्याचा पहिला अहवाल १९९२ मध्ये कॅनडातल्या मिशेल गान्ये यांनी दिला, आणि जगभर आजही हीच रुळलेली पद्धत आहे. २००४ मध्ये इटलीतल्या तुरिनमध्ये २० रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. रोबोटला वेळ जास्त लागला, खर्चही जास्त आला. तेव्हा यंत्र नवे होते, हातही नवे होते. त्यानंतरच्या अनुभवात वेळेचा फरक कमी झाला, रक्त थोडे कमी जाते, काही ठिकाणी रुग्ण थोडा लवकर घरी जातो. आमचे मत असे, की सडपातळ रुग्णात डाव्या बाजूची तीन सेंटिमीटरची गाठ असेल तर सरावलेल्या सर्जनच्या हातातली साधी दुर्बीण रोबोटच्या तसूभरही मागे नाही. त्यासाठी रान विकू नये, पतसंस्थेचे कर्ज काढू नये. रुग्ण फार लठ्ठ असेल, गाठ सहा सेंटिमीटरच्या आसपास असेल, उजवीकडे महाशिरेला चिकटून असेल, तर रोबोटचा उपयोग होतो. दोन्ही बाजूंना फिओ असलेल्या आनुवंशिक आजारात तर फारच. तिथे निदान एका बाजूच्या ग्रंथीचा निरोगी तुकडा वाचवायचा असतो, म्हणजे रुग्णाला जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्यांवर राहावे लागत नाही. हिरवे चमकणारे रंगद्रव्य शिरेतून देऊन कुठला भाग जिवंत आहे हे बघत बारीक काम करायला मनगटाचे अवजारच हवे. उलट, गाठ कॅन्सरची वाटत असेल आणि आसपास पसरलेली असेल, तर रोबोटही नको आणि दुर्बीणही नको. पोट उघडून, आवरण न फोडता एकसंध काढणे हेच बरोबर.

यंत्रापेक्षा जास्त फरक पडतो तो सरावाने. वर्षाला किमान सहा ॲड्रिनल ऑपरेशने करणाऱ्या सर्जनच्या हातून गुंतागुंत कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ''रोबोट आहे का'' याऐवजी ''गेल्या वर्षी तुम्ही ॲड्रिनलची किती ऑपरेशने केली'' असे विचारा. ''हार्मोनचे डॉक्टर सोबत आहेत का'' हेही विचारा.

खर्चाबद्दल थोडे. यंत्राच्या प्रत्येक अवजाराला ठरावीक वापर असतात, साधारण दहा ते अठरा. आतली चिप मोजत असते आणि संख्या संपली की यंत्र ते अवजार घेत नाही. बिलातला 'रोबोटिक चार्ज' बराचसा तिथून येतो. आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया वगळता येणार नाही, असे विमा नियामकाने २०१९ मध्येच ठरवले आहे, पण कंपन्यांना वेगळी मर्यादा घालायची मुभा आहे. पॉलिसीतली ती मर्यादा दाखल होण्याआधी वाचावी. महात्मा जोतिराव फुले योजनेतून करणार असाल तर रोबोटचा जादा आकार योजनेत बसतो की खिशातून द्यायचा, हे आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे.

ऑपरेशननंतरचे दिवसही तितकेच महत्त्वाचे. फिओ काढल्यावर साखर अचानक घसरते; पहिले २४ ते ४८ तास ती वरचेवर तपासायला हवी, कारण रुग्ण गुंगीत असला की साखर कमी झाल्याची लक्षणे दिसत नाहीत. दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा आणि मग दरवर्षी. फिओच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजार आनुवंशिक असतो, म्हणून जनुकीय तपासणीचा विषय टाळू नये. सख्ख्या भावंडांचे आणि मुलांचे बी.पी. तरी नक्की बघावे. अल्डोस्टेरॉनची गाठ काढल्यावर पोटॅशियमच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन लगेच थांबवतात. पुढचे चार आठवडे दर आठवड्याला पोटॅशियम तपासावे, कारण दुसरी ग्रंथी सुस्तावलेली असते आणि ते आता उलट वाढते. भेटायला येणारे पाहुणे शहाळी घेऊन येतात. या रुग्णाला तेवढे महिनाभर नको.

कॉर्टिसॉलची गाठ काढलेल्याचे मात्र जपून. गाठीच्या दांडगाईने दुसरी ग्रंथी झोपी गेलेली असते आणि तिला जाग यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते. तोवर हायड्रोकॉर्टिसोन बाहेरून द्यावे लागते, साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम दिवसभरात विभागून, सकाळी जास्त. ''आता बरे वाटते'' म्हणून गोळी बंद केली आणि आठ दिवसांनी ताप किंवा जुलाब लागले, तर बी.पी. पडून रुग्ण दगावू शकतो. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्या होत असतील, गोळी पोटात ठरत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लगेच आणि सोबत सलाईन. 'मला ॲड्रिनलचा आजार आहे, मी स्टेरॉइडवर आहे, बेशुद्ध सापडलो तर हे इंजेक्शन द्या' असे मराठीत लिहिलेले कार्ड खिशात असावे.

यातले यंत्र सोडले तर बाकीचे सगळे आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत होऊ शकते. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसे इथे उपचाराला येतात. मिरज-कराडला आज वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तपासण्या, चौदा दिवसांच्या गोळ्या, बी.पी.ची वही हे इथेच करून रुग्णाने फक्त ऑपरेशनपुरते मोठ्या केंद्रात जावे, आणि नंतरची तपासणी पुन्हा इथे. त्यासाठी सांगलीहून पुण्याला सव्वादोनशे किलोमीटरच्या चार-चार खेपा घालायला नकोत.

दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य प्रशासनाकडे एकच मागणी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रोकॉर्टिसोनची निदान दोन इंजेक्शने मुदत न संपलेली, कपाटाच्या पुढच्या खणात असावीत, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला ती कोणासाठी आहेत हे माहीत असावे. ते स्वस्त औषध आहे, दम्यासाठी आणि ॲलर्जीसाठीही लागते, त्यामुळे वाया जाणार नाही. ऑपरेशन पुण्यात झालेला खटावचा किंवा जतचा माणूस मध्यरात्री उलट्या करत येईल तो तिथेच येणार आहे.

आपले,
एक शल्यचिकित्सक व एक भूलतज्ज्ञ,
मिरज, जि. सांगली